भागा नदीच्या काठी चाळीस वर्षे

१८५९ साली रोहतांगची खिंड ओलांडून लाहौल खोऱ्यातल्या केलाँग या गावी तीन जर्मन वधू येऊन पोहोचल्या. त्यांचे वर तिथे आधीपासून राहत होते आणि या तिघींना त्यांच्यासाठी युरोपातल्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीने पाठवले होते. त्यांच्यापैकी मारिया हार्टमान २२ वर्षांची होती. ज्यांच्याशी तिचे लग्न व्हायचे होते ते विल्हेल्म हाइडे ३४ वर्षांचे होते. दोघांची आधीची ओळख नव्हती. उरलेल्या दोघींची लग्ने हाइडे यांच्या सहकाऱ्यांशी, एडुआर्ड पागेल आणि हाइन्रिश येश्के यांच्याशी झाली. त्यानंतर मारिया आणि विल्हेल्म जवळजवळ चाळीस वर्षे त्याच गावात राहिले. तिथेच त्यांना मुले झाली, त्यांतली काही तिथेच दगावली, आणि जगली ती शिकण्यासाठी जर्मनीला पाठवली गेली. पुढे दोघेही त्या घरात म्हातारे झाले.

लग्नाआधी एकमेकांना न पाहिलेल्या जोडप्याचे आपल्याला नवल वाटायला नको. माझ्या आजीने आजोबांना पहिल्यांदा पाहिले ते अंतरपाट खाली आल्यावर, आणि त्यानंतरचा त्यांचा संसार दीर्घ आणि समाधानाचा झाला. पण आजीच्या पाठीशी माहेर होते, ते दोन दिवसांच्या बैलगाडीच्या वाटेवर होते, आणि बाळंतपणाला, सणावाराला तिला तिथे जाता येत होते. मारियाला तसे माहेर कधीच नव्हते. तिचा जन्म दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये, पारामारिबोला झाला, कारण तिचे आईवडीलही त्याच मंडळीचे मिशनरी होते आणि तिथल्या गुलामांमध्ये काम करत होते. लहानपणीच तिला शिक्षणासाठी जर्मनीला पाठवण्यात आले. आईवडिलांपासून समुद्रापार वाढणे म्हणजे काय, हे तिला केलाँगला येण्याच्या फार आधी कळलेले होते. ही एक गोष्ट मनात ठेवूनच तिचे पुढचे सगळे आयुष्य वाचावे लागते, असे मला वाटते.

ज्या मंडळीने तिला पाठवले ती मोराव्हियन मंडळी हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा एक छोटासा पंथ आहे. धर्मछळाला कंटाळून मोराव्हिया सोडलेल्या काही कुटुंबांना १७२२ साली काउंट झिंत्सेनडोर्फ या सरदाराने सॅक्सनीतल्या आपल्या जमिनीवर आसरा दिला आणि तिथे हेर्नहूट हे गाव वसले. त्यानंतर दहाच वर्षांनी, १७३२ साली, या एवढ्याशा गावातून एक कुंभार आणि एक सुतार कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरच्या गुलामांना आपला धर्म सांगण्यासाठी निघाले. पुढच्याच वर्षी काही जण ग्रीनलंडला गेले आणि मग सुरिनामला. ही मोठ्या विद्यापीठातून शिकून आलेली माणसे नव्हती, हातात कसब असलेली कारागीर माणसे होती, आणि जिथे जातील तिथे स्वतःच्या हातांनी घर उभारून, शेत कसून राहावे अशी त्यांची रीत होती. विल्हेल्म हाइडे स्वतः पत्र्याचे काम करणारे कारागीर होते.

त्यांना केलाँगला यायचेच नव्हते. १८५३ साली ते आणि पागेल हिंदुस्थानात उतरले तेव्हा त्यांचे ध्येय मंगोलिया होते. त्यासाठी त्यांनी जर्मनीत मंगोल भाषेचे धडे घेतले होते. रशियाने आपल्या मुलखातून जाऊ दिले नाही, म्हणून हिंदुस्थानातून हिमालय चढून, तिबेट ओलांडून मंगोलियात शिरायचे असा बेत ठरला. सिमल्यापलीकडच्या कोटगढ येथे राहून त्यांनी तयारी केली, १८५५ साली लडाखचा प्रवास केला, पण तिबेटची सीमा त्यांच्यासाठी उघडली नाही. मग सीमेच्या जितके जवळ राहता येईल तितके राहावे, वाट उघडण्याची वाट पाहावी, या विचाराने त्यांनी लाहौलमधले केलाँग निवडले. म्हणजे ज्या घरात हाइडे पती-पत्नींचे सारे आयुष्य गेले ते घर मुळात वाटेतल्या मुक्कामासाठी बांधलेले होते. मंगोलिया त्यांनी कधीच पाहिला नाही. त्यांच्या कहाणीकडे मी ओढली गेले त्याचे पहिले कारण हे आहे. ज्यासाठी निघालो ते मिळणार नाही हे कळल्यावरही माणसे त्याच जागी, तेवढ्याच निष्ठेने पुढची चाळीस वर्षे कशी काढतात, हे मला समजून घ्यायचे होते.

दुसरे कारण माझ्या घराजवळचे आहे. आमच्या पुण्यातल्या इमारतीत बहुतेक घरांत आता दोघेच राहतात. मुले अमेरिकेत, जर्मनीत, ऑस्ट्रेलियात आहेत. नातवंडे पडद्यावर दिसतात, सुट्टीत येतात, आणि त्यांच्या जाण्यानंतरच्या आठवड्यात जिन्यात भेटलेली माणसे एकमेकांशी नेहमीपेक्षा थोडे जास्त बोलतात. आमचेही तसेच आहे. त्यामुळे कुटुंबापासून दूर म्हातारे होणाऱ्या जोडप्यांविषयी जे जे हाती लागेल ते मी वाचते. हाइडे पती-पत्नींची ओळख मात्र मला लाहौलमध्ये झाली. अटल बोगदा २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाल्यापासून मनालीहून केलाँगला जाणे फार सोपे झाले आहे. नऊ किलोमीटरचा तो बोगदा पार केला की पूर्वी ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीने ज्या खोऱ्याला वर्षातले पाच-सहा महिने जगापासून तोडले होते तिथे माणूस काही मिनिटांत पोहोचतो. लेहला निघालेले मराठी पर्यटकांचे जथेही केलाँगला रात्रीपुरते थांबतात. तिथल्या बाजारात रंगीत नक्षीचे लोकरी पायमोजे विकायला बसलेल्या एका बाईंना मी सहज विचारले की हे विणकाम तुमच्याकडे कधीपासून आहे, तेव्हा त्यांनी फार आदराने सांगितले की त्यांच्या पणजीच्या काळात इथे एक जर्मन मेमसाहेब होत्या, त्यांनी बायकांना शिकवले. ती मेमसाहेब म्हणजे मारिया.

केलाँग सुमारे ३,१०० मीटर उंचीवर, भागा नदीच्या उतारावर वसलेले आहे. नदीपलीकडे कारदांगचा गोंपा दिसतो. आजही हिवाळ्यात तिथे बर्फ छपरांवर साचते आणि ते फावड्याने ओढून खाली टाकावे लागते. एकोणिसाव्या शतकात खिंड बंद झाली की टपाल येणे जवळजवळ थांबत असे, आणि जर्मनीला पाठवलेल्या पत्राचे उत्तर हाती यायला एरवीही कित्येक महिने लागत. या परिस्थितीत मारियाची मुले जन्मली. डॉक्टर जवळपास नव्हता. काही मुलांना तिथेच मूठमाती द्यावी लागली. जी जगली त्यांच्यावर मग मंडळीचा नियम लागू झाला. मिशनऱ्यांची मुले सात-आठ वर्षांची झाली की त्यांना युरोपात शिक्षणासाठी पाठवायचे, आणि अशा मुलांसाठी सॅक्सनीतल्या क्लाइनवेल्का या गावी मंडळीच्या खास शाळा होत्या. तिथे जगभरच्या मोराव्हियन मिशनऱ्यांची मुले एकत्र वाढत. ग्रीनलंड, लाब्रादोर, सुरिनाम, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी जन्मलेली ही मुले आईबापांना पत्रांतून ओळखत.

इथे मला थांबून माझे मत सांगितले पाहिजे. ही प्रथा मला मान्य होत नाही. तिच्यामागची कारणे मला कळतात. दुर्गम जागी शाळा नव्हत्या, आजारांनी मुले जात होती, आणि परक्या देशात मुलगा कोणत्याच समाजाचा न राहता वाढेल ही भीती खरी होती. पण सात-आठ वर्षांच्या मुलाला विचारून हा निर्णय कोणी घेतला नव्हता. आमची मुले गेली ती विशीत, स्वतःच्या मर्जीने, आम्हाला विमानतळावर हात करून, आणि तरीही त्या रात्री घर कसे झाले होते हे मी विसरलेले नाही. हाइडे यांच्या मुलांना खिंडीपलीकडे नेणारी माणसे निघाली असतील तेव्हा मागे वळून पाहणारे मूल सात वर्षांचे असेल, आणि निरोप देणाऱ्या आईला आपण स्वतः त्या वयात असेच निघालो होतो हे आठवत असेल. मारियाने हे का केले, असे मी रागाने विचारले आहे. आता मला वाटते की तिला दुसरी तऱ्हा माहीतच नव्हती. ज्या शाळांनी तिला वाढवले त्यांच्यावर तिचा विश्वास होता, आणि तो विश्वास नसता तर तिला आपल्या स्वतःच्या बालपणावरच अविश्वास दाखवावा लागला असता.

हे दुःख मोराव्हियनांपुरते नव्हते आणि हिमालयापुरतेही नव्हते. आपल्या मुंबईत १८१३ साली आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या मंडळींपैकी गॉर्डन हॉल यांनी १८२५ साली पत्नीला आणि दोन लहान मुलांना प्रकृतीच्या कारणाने अमेरिकेला पाठवले. एक मुलगा वाटेत जहाजावरच वारला. पुढच्याच वर्षी, मार्च १८२६ मध्ये, नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना हॉल यांना पटकी झाली आणि ते वाटेतच गेले. नगर, सातारा, सोलापूर, मिरज इथे नंतर जी मिशनरी कुटुंबे आली त्यांच्याही घरांतून मुले अशीच समुद्रापार जात राहिली. आपण या लोकांच्या शाळा आणि दवाखाने लक्षात ठेवतो, त्यांच्या धर्मप्रसाराविषयी वाद घालतो, आणि तो वाद घालायलाही हवा. पण त्यांच्या बंगल्यांत मुलांच्या रिकाम्या खोल्या होत्या, हे आपल्या लिहिण्यात क्वचित येते.

मोराव्हियन लोकांत एक रिवाज आहे, जो या ताटातुटीच्या संदर्भात मला फार महत्त्वाचा वाटतो. १७३१ सालापासून हेर्नहूटहून दरवर्षी एक छोटे पुस्तक छापले जाते, त्यात वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी बायबलमधले एक वचन असते, आणि ही वचने चिठ्ठ्या काढून ठरवतात. जगात जिथे कुठे मोराव्हियन माणूस असेल तिथे तो सकाळी त्या दिवसाचे तेच वचन वाचतो. म्हणजे केलाँगच्या घरात, बर्फ खिडकीपर्यंत चढलेले असताना, मारिया आणि विल्हेल्म सकाळी जे वचन वाचत, तेच वचन त्याच तारखेला सॅक्सनीतल्या शाळेत त्यांची मुले ऐकत असणार. पत्र पोहोचायला महिने लागत होते, पण वाचनाची तारीख दोन्हीकडे एक होती. आज मी आणि माझी मुलगी रोज एका ठरावीक वेळी फोनवर बोलतो, तरीही दोघींनी सकाळी एकच ओळ वाचली आहे असे आमच्या बाबतीत कधी घडत नाही. माझा देव त्यांचा देव नाही, पण या रिवाजाचा मला हेवा वाटतो.

आता कामाविषयी. ते ज्यासाठी आले होते त्या मोजमापाने पाहिले तर त्यांना फारच थोडे यश मिळाले. केलाँगमध्ये पहिला बाप्तिस्मा व्हायला १८६५ साल उजाडले, आणि ज्यांनी तो घेतला ते सोदनाम स्तोबक्येस आणि त्यांचा मुलगा लडाखमधून आलेले होते. पुढेही जे थोडे लोक ख्रिस्ती झाले त्यांत लडाखींचाच भरणा होता. लाहौली माणसांनी या परदेशी शेजाऱ्यांशी वैर केले नाही. त्यांनी त्यांची औषधे घेतली, मुलांना त्यांच्या शाळेत पाठवले, त्यांच्याशी बोलले, बसले, आणि आपला बौद्ध धर्म आपल्याजवळ ठेवला. मला यात लाहौली लोकांचा मोठा समंजसपणा दिसतो. दुसऱ्याच्या श्रद्धेला अंधार समजून तिथे उजेड न्यायला निघालेल्या माणसाचा तो समज मला पटत नाही, आणि हाइडे यांच्या मनातही तो होता हे लपवण्यात अर्थ नाही. पण चाळीस वर्षे एका गावात राहिलेल्या माणसांचे आयुष्य त्या एका समजापेक्षा बरेच मोठे होते. त्यांनी शेती केली. लाहौलमध्ये बटाटा आणण्याचे श्रेय या मिशनला देतात, आणि पुढे विसाव्या शतकात लाहौलचे बियाणे बटाटे साऱ्या देशात नावाजले गेले. येश्के यांच्या मदतीने त्यांनी केलाँगला शिळाछापाचे यंत्र चालवले आणि त्यावर तिबेटी पुस्तके छापली. तिबेटी भाषेचा अभ्यास करणाऱ्याला येश्के यांचा १८८१ चा कोश आजही टाळता येत नाही.

मारियाने हिवाळ्यात विणकामाची शाळा सुरू केली. लाहौलमध्ये लोकर होती, सूत कातण्याचे कसब होते, आणि बर्फाचे दीर्घ महिने होते, पण सुयांवर पायमोजे विणण्याची पद्धत नव्हती. मुली आणि बायका तिच्या घरी जमत, ती टाच वळवायला, रंग बदलायला शिकवी, आणि हात चालू असताना बायबलमधल्या गोष्टी वाचून दाखवी. गोष्टी ऐकून कोणी ख्रिस्ती झाले नाही म्हटले तरी चालेल. विणकाम मात्र घराघरांत गेले, आईकडून मुलीकडे गेले, तिथल्या बायकांनी त्यात आपले रंग आणि आपली नक्षी आणली, आणि २०२१ साली लाहौली विणलेल्या पायमोज्यांना आणि हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. ते मानांकन लाहौलच्या बायकांचे आहे. मारियाच्या शाळेत त्यांनी जे घेतले त्याचे स्वतःचे असे काही घडवले, म्हणूनच ते टिकले. मारिया स्वतः अनेक वर्षे रोजनिशी लिहीत होती, बारीक अक्षरांत, आणि तिच्या वह्या आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत. त्यांत धुणे, विणणे, पाहुणे, आजारपण, हवा अशा रोजच्या बाबी आहेत. मिशनच्या अहवालांतून पुरुषांची कामे कळतात. त्या घरात दिवस कसा जात होता हे कळायला तिच्या नोंदी लागतात.

त्यांच्याबरोबरच्या माणसांची ये-जा चालू होती. येश्के आजारपणामुळे १८६८ साली परत गेले. दुसरी कुटुंबे आली आणि गेली. पागेल पती-पत्नी मात्र १८६५ सालीच केलाँग सोडून पू या गावी गेले होते, आणि त्यांच्याविषयी थोडे लिहिल्याखेरीज पुढे जाणे मला शक्य नाही. पू किन्नौरच्या वरच्या भागात, सतलज नदीच्या खोऱ्यात, तिबेटच्या सीमेला लागून आहे. तिथे या दोघांखेरीज कोणी युरोपीय माणूस नव्हता. केलाँगचे घर कितीही दूर असले तरी तिथे निदान आणखी एखादे कुटुंब होते, बायकांना बोलायला बाई होती. पू येथे पागेल यांच्यासाठी फ्रीडेरिके होती आणि फ्रीडेरिकेसाठी पागेल होते. जवळच्या मुलखात देवीची साथ आली तेव्हा पागेल यांनी लोकांना लस टोचली, आणि एरवी त्यांच्यासाठी बंद असलेल्या सीमेपलीकडच्या तिबेटी गावांनीही त्यासाठी त्यांना बोलावून घेतले. अशी सुमारे १८ वर्षे गेली. १८८३ च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, पागेल वारले आणि त्यांच्यामागून थोड्याच दिवसांत त्यांची पत्नी गेली. मदतीला एकही सहकारी जवळ नव्हता. गावातल्या ज्या थोड्या माणसांशी त्यांचे नाते जुळले होते त्यांनीच शेवटचे सारे केले. त्या मधल्या काही दिवसांत फ्रीडेरिके कोणाशी कोणत्या भाषेत बोलली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तिबेटीतच बोलली असणार, कारण जर्मन समजणारे आता तिथे कोणी उरले नव्हते.

म्हातारपणी एकमेकांचे एवढेच सर्वस्व होऊन राहणे चांगले की वाईट, याचे उत्तर माझ्याजवळ तयार नाही. आपल्याकडे म्हातारी माणसे पूर्वी भरल्या घरात असत, आणि भरल्या घरात नवरा-बायको एकमेकांशी दिवसभरात चार वाक्ये बोलत. माझ्या आजी-आजोबांना एकमेकांशी निवांत बोलताना मी फारसे पाहिले नाही. त्यांच्यामध्ये सतत कोणीतरी असे, एखादे मूल, एखादी सून, एखादा पाहुणा. दोघेच उरले की आधी ती शांतता अंगावर येते, आणि मग, जर दोघांची तयारी असेल तर, तीस-पस्तीस वर्षांत बोलायच्या राहिलेल्या गोष्टी निघू लागतात. माझे यजमान निवृत्त झाल्यावर आम्हाला हे अनुभवायला मिळाले आणि त्यासाठी मी कृतज्ञ आहे. हाइडे पती-पत्नींना ते फार लवकर आणि फार दीर्घकाळ वाट्याला आले. अनोळखी म्हणून भेटलेली ही दोन माणसे पुढे एकाच कामात, एकाच श्रद्धेत आणि एकाच दुःखात वाटेकरी झाली, आणि मुलांच्या आठवणी ज्यांच्याजवळ बोलता येतील असे त्यांना एकमेकांखेरीज त्या खोऱ्यात कोण होते?

१८९८ साली त्यांनी केलाँग सोडले. विल्हेल्म ७३ वर्षांचे होते, मारिया ६१ वर्षांची. मला वाचताना वाटले होते की आता ते घरी जातील, मुलांकडे जातील. ते गेले नाहीत. बायबलच्या तिबेटी नव्या कराराचे संशोधित भाषांतर करण्याचे काम दार्जिलिंगच्या बाजूला चालू होते आणि त्यासाठी लाहौल-लडाखची बोली, ग्रंथांची तिबेटी आणि येश्के यांचे काम या तिन्ही गोष्टी जाणणारा माणूस हवा होता. म्हणून दोघे घूम येथे जाऊन राहिले. ज्या लाहौलमध्ये चाकाची गाडी जाईल असा रस्ता नव्हता तिथून ते दारावरून आगगाडी जाणाऱ्या गावात आले. तिथे म्हाताऱ्या विल्हेल्मनी आणखी एक मोठे काम केले. शरच्चंद्र दास यांचा संस्कृत प्रतिशब्दांसह तिबेटी-इंग्रजी कोश छापण्यापूर्वी तपासून सिद्ध करायचा होता, आणि ते काम ग्रॅहम सँडबर्ग यांच्या जोडीने हाइडे यांनी पूर्ण केले. १९०२ साली कलकत्त्याला तो कोश प्रसिद्ध झाला. आपले तरुणपण ज्याने पत्रा कापण्यात आणि जोडण्यात घालवले त्या माणसाचे नाव पंचाहत्तरी उलटल्यावर या कोशाच्या पहिल्या पानावर आले. हे वाचून मला निखळ आनंद झाला.

१९०३ साली ते जर्मनीला परतले. तरुण वयात हिंदुस्थानात उतरलेला माणूस पन्नास वर्षांनी, ७८ व्या वर्षी, घरी आला. पण घर म्हणजे नेमके काय राहिले होते? ज्या मुलांना त्यांनी सात-आठ वर्षांचे असताना पाठवले होते ती आता स्वतःच्या संसारातली, स्वतःच्या कामातली प्रौढ माणसे होती. आपल्या मुलाला त्याच्या दाढीमिशांसह पहिल्यांदा पाहणे, त्याच्या आवाजाची सवय करून घेणे, त्याच्या बायकोला तो लहानपणी कसा होता हे सांगायला जावे आणि आपल्याजवळ त्याच्या सातव्या वर्षापर्यंतच्याच आठवणी आहेत हे लक्षात यावे, हे सगळे त्यांच्या वाट्याला आले असेल. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी मुलाच्या अमेरिकेतल्या घरी सहा महिने राहून आल्यावर मला सांगितले होते की तो भाजी कशी निवडतो हेदेखील त्यांना नव्याने कळले. पंधरा वर्षांच्या दुराव्याने एवढे होते, तर या माणसांना तीन दशकांचा दुरावा भरून काढायचा होता, आणि हाती वेळ थोडा होता. विल्हेल्म १९०७ साली वारले. मारिया त्यांच्यामागे दहा वर्षे जगली. पहिले महायुद्ध पेटलेले असताना, १९१७ साली, ती गेली.

केलाँगचे मिशन १९४० साली बंद झाले. लेहमध्ये मोराव्हियन मंडळी आणि तिची शाळा आजही आहे, पण केलाँगच्या त्या घरात नंतर कोणी मिशनरी जोडपे म्हातारे झाले नाही. हाइडे यांच्या मुलांपैकी गेरहार्ट याने पुढे आपल्या आईवडिलांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. ज्या मुलाला त्यांच्या सहवासात वाढू दिले गेले नाही, त्याने त्यांच्या पन्नास वर्षांचा वृत्तांत लिहिण्याचे काम स्वतःकडे घेतले. मला हे काम विल्हेल्म यांच्या कोशापेक्षाही अवघड वाटते, कारण त्याला त्या घरात एकेका वर्षी काय घडले हे आईच्या वह्यांतून आणि वडिलांच्या पत्रांतून शोधावे लागले असणार, त्यात आपली पाठवणी झाली ते वर्षही आले असणार, आणि त्या वर्षाविषयी लिहिताना त्याला मुलगा आणि चरित्रकार या दोन्ही नात्यांनी काय मांडायचे ते ठरवावे लागले असणार.